हा ऑक्सिजन कुठला?

ऑक्सिजनवर काम करायचं तर पहिली अडचण ही, की तो सगळीकडे आहे. बेंझिनवर किंवा अमोनियावर काम करणाऱ्याला आपला वायू बाटलीतून यंत्रात सोडावा लागतो. पडद्यावर सिग्नल दिसला की तो आपणच सोडलेल्या वायूचा, यात शंका नसते. ऑक्सिजनचं तसं नाही. तो खोलीत आहे, माझ्या श्वासात आहे आणि निर्वात चेंबरच्या बाहेर पोलादाच्या भिंतीला टेकून आत शिरायची फट शोधत उभा आहे. पीएचडीतला एक अख्खा पावसाळा माझा याच प्रश्नात गेला: आम्हाला दिसतोय तो ऑक्सिजन कुठला? त्या पावसाळ्याबद्दल लिहिते आहे.

मी पेडण्याची. प्रयोगशाळा पणजीच्या बाजूला, एका सड्यावर. जूनमध्ये सड्यावर पाऊस आडवा येतो आणि खिडकीच्या फटीतून आत झिरपतो. लेझर ठेवलेल्या खोलीला खिडक्या नव्हत्या, पण दमट हवेला खिडकी लागत नाही.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू आणि सोळा इलेक्ट्रॉन. सर्वांत बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन जोडी न करता एकेकटे राहतात आणि दोघांची फिरकी एकाच दिशेला असते. म्हणूनच द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अडकून राहतो. या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा दिली की रेणू उत्तेजित अवस्थेत जातो. अशा अवस्था पुष्कळ आहेत. पहिल्या दोन अगदी जवळ, ०.९८ आणि १.६३ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे रेणूंची ऊर्जा मोजायचं एकक). मग मोठी मोकळी जागा, आणि चारच्या वर वर्णपटशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांच्या नावाच्या अवस्था, ज्यांचं शोषण इतकं क्षीण की ते पकडायला प्रकाशाला ऑक्सिजनमधून फार लांबचा प्रवास करावा लागतो. २४२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला तर रेणूचे दोन तुकडे होऊ शकतात. वातावरणातल्या ओझोनची सुरुवात तिथून होते, हे शास्त्रज्ञ चॅपमन यांनी १९३० मध्ये मांडलं.

आम्हाला जायचं होतं याहून बरंच वर, साधारण ८.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरच्या एका अवस्थेत. तिचं नाव नुसतं 'सी'. या अवस्थेत एक इलेक्ट्रॉन बाकीच्या रेणूपासून दूर, मोठ्या सैल कक्षेत फिरतो. तो पुरता सुटलेला नसतो, पण सुटायच्या बेतात असतो. अशी अवस्था फार टिकत नाही. तिच्याच ऊर्जेच्या आसपास रेणू फुटण्याच्या वाटा आहेत, आणि रेणू कधी कधी त्या वाटेवर घसरतो. तो किती लवकर घसरतो ते वर्णपटातल्या रेषेच्या रुंदीवरून कळतं. एक पिकोसेकंद टिकणाऱ्या अवस्थेची रेषा साधारण पाच प्रतिसेंटिमीटर (वर्णपटात वापरायचं ऊर्जेचं एकक) रुंद असते. जास्त टिकली तर रेषा बारीक. एक रेषा पाहून सेकंदाच्या लाखकोटीव्या भागात काय घडलं ते सांगता येतं, हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते.

या अवस्थेत एका फोटॉनने जाता येत नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याचं कारण फळ्यावर समजावलं ते अजून आठवतं. रेणूला मध्यबिंदू आहे. इलेक्ट्रॉनांचा ढग त्या मध्यबिंदूतून पलीकडे उलटवला तर त्याचं चिन्ह तेच राहतं किंवा बदलतं. एक फोटॉन शोषताना चिन्ह बदललंच पाहिजे, असा नियम. पण मूळ अवस्था आणि सी-अवस्था, दोघींचं चिन्ह एकच. म्हणून एका फोटॉनला हा रस्ता बंद. दोन फोटॉन एकदम शोषले तर चिन्ह दोनदा बदलतं, म्हणजे होतं तिथेच येतं. रस्ता उघडला. मात्र मध्ये टेकायला पायरी नाही, त्यामुळे दोन्ही फोटॉन जवळजवळ एकाच क्षणी यावे लागतात. त्यासाठी प्रकाश अतिशय दाट हवा, आणि तो लेझरशिवाय मिळत नाही.

मग तिसरा फोटॉन. २८७.५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ४.३१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दोन फोटॉन रेणूला सी-अवस्थेत पोचवतात, तिसरा त्यातला सैल इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन काढायला १२.०७ लागतात, तीन फोटॉन मिळून १२.९ देतात. उरलेल्या रेणूवर धन प्रभार येतो, म्हणजे तो आयन होतो, आणि प्रभार असलेली गोष्ट विद्युत्क्षेत्राने ओढून मोजता येते. लेझरची तरंगलांबी हळूहळू बदलत जायची आणि आयन किती आले ते मोजत जायचं. जिथे दोन फोटॉनांची बेरीज रेणूच्या पातळीशी नेमकी जुळते तिथे आयन अचानक वाढतात. तीच वर्णपटातली रेषा.

यंत्र असं. एक याग लेझर, सेकंदाला दहा स्पंद, हिरवा. त्याचा प्रकाश रंगद्रव्याच्या लेझरमध्ये जातो. त्यात मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं ऱ्होडामाइन ६जी फिरत असतं, आणि तिथून ५७५ नॅनोमीटरचा नारिंगी-पिवळा प्रकाश बाहेर येतो. तो बीबीओ नावाच्या स्फटिकातून गेला की त्याचा काही भाग निम्म्या तरंगलांबीचा, २८७.५ नॅनोमीटरचा होतो. हा अतिनील, डोळ्यांना दिसत नाही आणि डोळ्यांचं कायमचं नुकसान करू शकतो. चष्म्याशिवाय त्या खोलीत कोणीही उभं राहायचं नाही, हा नियम आमच्याकडे शेवटपर्यंत पाळला गेला. न दिसणारा किरण शोधायला आम्ही लग्नपत्रिका वापरायचो. पत्रिकेच्या पांढऱ्याशुभ्र कागदावर अतिनील पडला की निळा ठिपका चमकतो. घरी आलेली प्रत्येक पत्रिका आई माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. त्या अडीच वर्षांत पेडण्यातल्या किती जोडप्यांच्या पत्रिकांनी आमचा किरण जागेवर आणला, मोजलेलं नाही.

दुसरा भाग निर्वाताचा. एका चेंबरमध्ये नळीच्या तोंडाशी झडप, ती सेकंदाला दहा वेळा क्षणभर उघडते. तिच्यामागे तीन वातावरणांइतक्या दाबाचं मिश्रण: पाच टक्के ऑक्सिजन, बाकी आर्गॉन. शुद्ध ऑक्सिजन आम्ही कधीच वापरला नाही. पंपातल्या तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरला ग्रीसचं बोटही लावायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. वायू अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून निर्वातात झेपावतो तेव्हा त्याचे रेणू एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने धावू लागतात. आपापसातली धडपड संपते, म्हणजेच वायू थंड होतो. खोलीत सत्तावीस अंश सेल्सिअस असताना झोताच्या आत दहा केल्विन, म्हणजे उणे दोनशे त्रेसष्ट. कुठलाही बर्फ न लावता. हा झोत शंकूच्या आकाराच्या स्किमरमधून पुढच्या चेंबरमध्ये जातो, तिथे लेझर त्याला आडवा छेदतो, आणि तयार झालेले आयन एक मीटर लांबीच्या नळीतून डिटेक्टरकडे धावतात. जड आयन उशिरा, हलके आधी. ऑक्सिजनचा आयन आमच्या व्होल्टेजला नऊ मायक्रोसेकंदांच्या आसपास पोचायचा.

सिलिंडरसाठी आम्हाला फार थांबावं लागलं होतं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तयार होणारा ऑक्सिजन इस्पितळांकडे वळवला होता, तसाच वळवायला हवा होता. त्या मे महिन्यात गोव्यातल्या घराघरांत लोक सिलिंडरसाठी फोन करत होते. आमच्या गावातल्या दोन घरांत माणूस वाचला नाही. त्यानंतर लॅबमध्ये 'ऑक्सिजन संपला' हे वाक्य मला सहज बोलता येत नसे. मी 'मिश्रण संपलं' म्हणायचे. आजही तसंच म्हणते.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये सगळं जुळून आलं आणि त्याच सुमाराला पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात लेझर चालवणं हे वेगळंच काम आहे. लेझरचं थंड पाणी वीस अंशांवर ठेवायची सवय पुस्तकातून आलेली. जुलैत गोव्याच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली दव धरतं ते, चोवीस-पंचवीसवर असतो. एसी चालू असेपर्यंत खोली कोरडी राहते. वीज गेली, एसी बंद पडला, दार एकदा उघडलं, की लेझरच्या डोक्यातल्या थंड नळ्यांवर मडक्यासारखा घाम फुटतो. एका रात्री विजा कडाडत असताना नेमकं हेच झालं. सकाळी आमच्यातल्या कोणी घाईने लेझर सुरू केला आणि एका भिंगाच्या लेपावर दव होतं तिथे काळा डाग पडला. भिंग गेलं. तेव्हापासून पाणी दवबिंदूच्या वर ठेवायचं, स्फटिक कोरड्या डबीत ठेवून मंद गरम करायचा आणि सकाळी आधी नळ्यांवर हात फिरवून पाहायचा, हा आमचा क्रम ठरला.

चेंबरचा दाबही हवा तितका खाली येत नव्हता. जिथे १०⁻⁷ मिलिबारच्या जवळ जायला हवा होता तिथे तो त्याच्या पन्नासपट वर थांबायचा. मी वहीत लिहिलं: 'पावसाळा. भिंतींवरचं पाणी. वाट पाहणे.' पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर बसतो आणि निर्वातात तो दिवसेंदिवस सुटत राहतो, हे खरंच आहे. कारण इतकं पटण्यासारखं होतं की मी दुसरं शोधलंच नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री दीडच्या सुमारास, पडद्यावर पहिला वर्णपट आला. एकेक रेषा उगवत होती. माझी ज्युनियर शेजारी उभी होती, तिने माझा दंड धरला. "ताई, येतंय गो!" तासभर आम्ही दोघी एक शब्द न बोलता पाहत राहिलो. दहाच्या वर रेषा, मग वीस, मग मोजणं सोडलं. पहाटे चारला मी त्याचा कागद काढून सरांच्या टेबलावर ठेवला आणि वसतिगृहावर गेले. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सर कागद घेऊन लॅबमध्ये आले. त्यांनी अभिनंदन केलं, कागद टेबलावर पसरला आणि बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "हा ऑक्सिजन किती थंड आहे?"

मी म्हणाले, "सर, झोतातला आहे. दहा-पंधरा केल्विन असेल."

"मग इतक्या रेषा कशा?"

मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न मी स्वतः विचारायला हवा होता.

रेणू फिरतो तेव्हा त्याला कुठल्याही वेगाने फिरता येत नाही, ठरावीक पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांना एन म्हणतात. थंड वायूत जवळजवळ सगळे रेणू सर्वांत खालच्या पायऱ्यांवर असतात, त्यामुळे रेषा थोड्या. दहा केल्विनला ऑक्सिजनच्या पहिल्या पायरीवर शंभर रेणू असतील तर पुढच्या पायरीवर तीसच्या आसपास, त्यापुढच्या पायरीवर एखादा. खोलीच्या तापमानाला मात्र रेणू पसरलेले असतात. एन ७ आणि ९ वर सर्वांत जास्त, एन १९ वरही त्यांच्या पावपट. प्रत्येक पायरीवरून दोन फोटॉनांच्या शोषणाने वेगवेगळ्या शाखांत रेषा निघतात, म्हणून गरम ऑक्सिजनचा वर्णपट दाट झाडोऱ्यासारखा दिसतो. माझा कागद तसाच होता. सरांनी पेन्सिलने दूरच्या टोकाच्या रेषांवर खुणा केल्या आणि म्हणाले, "हा तर खोलीतला ऑक्सिजन आहे. झडप बंद करून पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. रात्रभर रेषा उगवताना पाहिल्या, आणि जी एक गोष्ट दोन सेकंदांत करता आली असती ती सुचली नाही. मी झडपेचा स्विच बंद केला. सिग्नल जागचा हलला नाही.

मला त्या दिवशी रडू आलं, ते लिहायला संकोच वाटत नाही. पण सर बसले आणि त्यांनी मला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीमुळे माझं मन पुन्हा कामावर आलं. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये काळ्या रेषा टिपल्या आणि ठळक रेषांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. त्यातल्या ए आणि बी ऑक्सिजनच्या आहेत. पण कुठल्या ऑक्सिजनच्या? सूर्यावरच्या, की आपल्या हवेतल्या? जान्सेन, म्हणजे १८६८ चं खग्रास ग्रहण गुंटूरहून पाहणारे तेच, या प्रश्नाच्या मागे लागले. १८८९ मध्ये त्यांनी आयफेल टॉवरवरचा दिवा मैलोगणती दूर असलेल्या म्यूदोंच्या वेधशाळेतून पाहिला, म्हणजे सूर्य मध्ये न आणता फक्त पृथ्वीच्या हवेतून. साठी ओलांडलेली, चालण्याचा त्रास, तरी १८९० मध्ये माणसांकडून ओढल्या जाणाऱ्या घसरगाडीवर बसून ते माँ ब्लाँच्या शिखरावर गेले. वर हवा विरळ, तिथे ऑक्सिजनच्या रेषाही क्षीण. रेषा आपल्या हवेतल्या होत्या. "तुझाही प्रश्न तोच आहे," सर म्हणाले. "फक्त तुला डोंगर चढायचा नाही, गळती शोधायची आहे."

गळती शोधायच्या आधी ती गळतीच आहे याची खात्री हवी होती. झडपेतून आलेला वायूच चेंबरमध्ये रेंगाळून भिंतींना आपटत गरम झालेला असू शकतो, असं मला वाटत होतं. म्हणून मिश्रणाचं सिलिंडर काढून शुद्ध आर्गॉन लावला, आणि जुना वायू पूर्ण निघून जावा म्हणून एक दिवस थांबले. सिग्नल तेवढाच. मग पंपाकडची झडप बंद करून दाब कसा वाढतो ते घड्याळ लावून लिहिलं. भिंतींवरचं पाणी सुटत असेल तर दाब आधी भराभर वाढतो आणि मग मंदावतो. गळती असेल तर तो सरळ रेषेत वाढतच राहतो. माझ्या वहीतले ठिपके पट्टी ठेवून जोडता येत होते. पावसाळ्याचा यात दोष नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन. गळती होती तर नायट्रोजनही आत येत होता, ऑक्सिजनच्या जवळपास चौपट. तो आम्हाला का दिसला नाही? कारण आमच्या लेझरला तो दिसतच नाही. त्याच्या पातळ्या २८७ नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांशी जुळत नाहीत, आणि त्याचा इलेक्ट्रॉन काढायला १५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे तीन फोटॉनही पुरत नाहीत. गर्दीतून एकाच रेणूला नेमकं वेचून काढणं हीच या पद्धतीची ताकद आहे, आणि तिच्यामुळेच गळती आमच्यापासून इतके दिवस लपली.

वर्कशॉपमधल्या मामांनी शोध हाती घेतला. पद्धत जुनी आणि संयमाची. सिरिंजमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, प्रत्येक जोडावर थेंब थेंब सोडायचं आणि दाबमापकाकडे पाहत राहायचं. फटीत द्रव शिरला की काटा हलतो. आमच्या चेंबरला लहानमोठे सत्तावीस जोड. मामा सिरिंज धरायचे, मी आकडे वाचायचे. एका जोडाला दोन मिनिटं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा म्हणाले, "बाय, तू जेवून ये, मग खिडकीकडे बघू." लेझर ज्या खिडकीतून आत जातो, त्या क्वार्ट्झच्या खिडकीच्या फ्लँजवर थेंब पडला आणि आकडा उडाला. उघडून पाहिलं तर ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद करणारी रबरी कडी, एका बाजूला चपटी झालेली आणि तिच्यावर केसाएवढी चीर. म्हणजे ऑक्सिजन आत येत होता तोही लेझरच्याच वाटेने, किरणाच्या अगदी शेजारी.

नवी ओ-रिंग बसवली. चेंबरभोवती तापवायच्या पट्ट्या गुंडाळून तीन दिवस गरम ठेवला, कारण उघडल्यावर दमट हवा आत गेलीच होती. आता पाणी मात्र खरंच होतं. दाब हवा तिथे गेला. मिश्रणाचं सिलिंडर परत लावलं, झडप सुरू केली, लेझर सुरू केला.

आणि काहीच दिसलं नाही. सगळ्या रेषा गेल्या.

ते चार दिवस सर्वांत कठीण होते. आधी निदान चुकीचा का होईना ऑक्सिजन दिसत होता. मी लग्नपत्रिकेने किरण तपासला, डिटेक्टर तपासला, रंगद्रव्य बदललं. चौथ्या दिवशी वही मागे मागे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की झडप उघडण्याची आणि लेझर पेटण्याची वेळ यांतलं अंतर मी जुन्या वहीतून जसंच्या तसं घेतलं होतं. तेव्हा झडप स्किमरच्या जवळ होती, आता ती मागे सरकवलेली. आर्गॉनच्या झोताचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास. बारा सेंटिमीटर जायला त्याला दोनशेवर मायक्रोसेकंद लागतात, शिवाय झडप उघडायला लागणारा वेळ वेगळा. आमचा लेझर झोत यायच्या आधीच पेटून विझत होता. म्हणजे जुलैतल्या त्या रात्रीही त्याने झोताला स्पर्श केलेला नव्हता. दिसलेला प्रत्येक आयन ओ-रिंगच्या चिरेतून आलेला.

लेझर एका ठळक रेषेच्या जागी स्थिर ठेवला आणि उशीर दहा-दहा मायक्रोसेकंदांनी वाढवत गेले. तीनशे, काही नाही. साडेतीनशे, काही नाही. चारशे वीसला ऑसिलोस्कोपवर, नऊ मायक्रोसेकंदांच्या खुणेशी, एक बारीक टोक हललं. चारशे साठला ते पडद्याबाहेर गेलं. मी झडप बंद केली. टोक नाहीसं झालं. चालू केली, आलं. बंद केली, गेलं. ज्युनियर म्हणाली, "ताई, पुरे आता." मी आणखी दोनदा करून पाहिलं.

त्या रात्रीच्या वर्णपटात रेषा थोड्या होत्या आणि मध्ये स्वच्छ मोकळी जागा. तीन लहान पुंजके, कारण सी-अवस्था स्वतःच इलेक्ट्रॉनांच्या फिरकीमुळे तीन पातळ्यांत विभागलेली आहे. रेषांच्या जागा ठरवायला शेजारी आयोडीनची काचनळी ठेवली होती. तिच्या रेषा या पट्ट्यात दाट आहेत आणि त्यांच्या जागा फार अचूक माहीत आहेत. उंचीच्या गुणोत्तरावरून तापमान काढलं: दहा केल्विनच्या जवळ. सरांनी कागद पाहिला, बोटाने रिकामी जागा दाखवली आणि म्हणाले, "हा आपला."

पुढे संगणकावर तोच वर्णपट जुळवताना आणखी एक गोष्ट हाताला लागली, जी मी एमएस्सीला पाठ केली होती पण कधी पाहिली नव्हती. माझ्या गणितात एन शून्यचीही ठळक रेषा येत होती. प्रत्यक्षात तिथे काहीच नव्हतं. साध्या ऑक्सिजनच्या दोन्ही अणुकेंद्रांना फिरकी नाही आणि ती हुबेहूब सारखी आहेत. त्यांची अदलाबदल केली तर काहीच बदलता कामा नये. ती अट मूळ अवस्थेत फक्त विषम पायऱ्यांवर पुरी होते: एक, तीन, पाच. एन शून्य ही पायरीच नाही. म्हणजे कितीही थंड केला तरी ऑक्सिजनचा रेणू फिरायचा थांबू शकत नाही. गणितातून सम पायऱ्या काढून टाकल्या आणि दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. रेषांच्या रुंदीचं काम त्यानंतर वर्षभर चाललं. लेझर जास्त जोरात ठेवला तर तोच रेषा फुगवतो, म्हणून प्रत्येक मोजमाप कमी होत जाणाऱ्या ऊर्जेवर पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं.

ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ झालं तेव्हा बाबा पणजीत आले होते. त्यांची काजूची बाग आहे, माझं काम त्यांना मी कधी नीट सांगू शकले नव्हते. संध्याकाळी आम्ही मिरामारला गेलो. लॅबमधला खिशात मावणारा वर्णपटदर्शक बरोबर होता. तो थेट सूर्याकडे धरायचा नाही, सूर्याजवळच्या उजळ आकाशाकडे धरायचा. तांबड्या टोकाकडे, ६८७ नॅनोमीटरवर, काळी पट्टी दिसते, तीच बी. सूर्य जसा खाली जातो तशी ती गडद होते, कारण उजेडाला जास्त हवेतून यावं लागतं. बाबांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. मग विचारलं, "ही काळी पट्टी सूर्यात आहे की आपल्यात?"

मी म्हटलं, "आपल्यात, बाबा. इथून समुद्रावरच्या हवेत."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. सूर्य बुडेपर्यंत वर्णपटदर्शक मला परत मिळाला नाही.

सध्या ज्युनियर त्याच यंत्रावर सिंगलेट ऑक्सिजन पकडायच्या तयारीत आहे, ती ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरची अवस्था. तिथून वरच्या पातळीवर जायला लांब तरंगलांबी लागते, म्हणून ऱ्होडामाइनच्या जागी डीसीएम नावाचं लाल रंगद्रव्य घालायचं आहे. जुना नारिंगी रंग नळ्यांतून पूर्ण जायला मिथेनॉलच्या किती फेऱ्या लागतील ते आम्ही मोजतो आहोत. काल सातवी फेरी झाली, बादलीतला द्रव अजून फिकट पिवळा आहे.